मिठागराजवळ थांबलेली गाडी

बाबा ज्येष्ठात गेले. त्यानंतर आई घराबाहेर पडली नाही. आमच्यात दुखवटा काढायला भाऊ बहिणीला आपल्या घरी जेवायला नेतो. धर्मामामा तारोडीहून दोनदा आला आणि दोन्ही वेळा एकटाच परत गेला. आईचं म्हणणं एकच होतं, "येईन तर त्यांच्या गाडीतून येईन."

गाडी म्हणजे बाबांची जुनी परदेशी व्हॅन. कुणा गोऱ्या जोडप्यानं तिच्यातच राहत मुंबई गाठली होती आणि ती इथंच विकून टाकली होती. आत पलंग होणारं बाकडं, स्टोव्हची जागा, खिडक्यांना पडदे. इंजिन मागच्या अंगाला. बाबा होड्यांची इंजिनं दुरुस्त करत. ही गाडी त्यांनी भंगारातून आणली, चालती केली, आणि मासळी बाजारात लोक त्यांना 'घर घेऊन फिरणारा लीलाधर' म्हणू लागले. गाडी चालवायला मी त्यांच्याकडूनच शिकले. इंजिन खोलायलाही.

पावसाळाभर ती अंगणात उभी होती. चौऱ्याहत्तरचा दसरा झाल्यावर मी बॅटरी चार्ज करून आणली, प्लग घासले, नवं पेट्रोल भरलं. पुस्तकं वाचून मला दुःखाविषयी बरंच काही माहीत होतं. त्या दिवसांत हाताला ग्रीस लागलं की बरं वाटायचं, एवढंच खरं.

तारोडीला निघालो तेव्हा मामा माझ्या शेजारी बसला. आई मागे बाकड्यावर, पडदे ओढून. भाईंदर पश्चिमेचा बाजार संपला, दोन्ही बाजूंना मिठागरं लागली, आणि गाडीचा जोर हळूहळू कमी होत ती बंद पडली. थोडा वेळ थांबल्यावर सुरू झाली. जराशी पुढे जाऊन पुन्हा बंद. मग आणखी एकदा.

"बाय, ही गाडी तुझ्यासारखीच हाय," मामा मागे वळून म्हणाला. "उठते, दोन पावलं टाकते, परत बसते."

मामा खाली उतरून माझ्या खिडकीशी आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "शालू, आज पोचली न्हाय तर उद्या भंगारवाल्याला सांगतो. ही अंगणात हाय तवर तुझी आय हिच्याकडं बघत बसणार."

पडद्याआडून आवाज आला, "विका. मग मलाबी कुठं नेऊ नका."

मी मागचं झाकण उघडून इंजिनासमोर उभी राहिले. बाबा पाना उचलण्याआधी विचारायचे, "थांबली कशी? झटक्यात, की दमून?" झटक्यात थांबली तर ठिणगी बघायची, दमून थांबली तर पेट्रोल. ही दमून थांबत होती. तरी मी प्लग काढून वायरीसकट इंजिनाच्या लोखंडाला टेकवला. मामाला किल्ली फिरवायला सांगितली. ठिणगी निळी आणि ठसठशीत होती. प्लग बसवला, कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत धरली. किल्ली फिरवल्यावर पेट्रोलच्या पिचकाऱ्या यायला हव्या होत्या. थेंबच आले.

"टाकी रिकामी असंल," मामा म्हणाला.

"मी कालच भरलीय."

"बापानं तुला इंजिन शिकवलं. त्यापेक्षा बोंबील साफ करायला शिकवलं असतं तर आतापावेतो जेवलो असतो."

टाकीचं झाकण फिरवलं तशी सूंऽ करत हवा आत ओढली गेली. मी झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. वरच्या बाजूला मधोमध एक काळपट डाग होता. पेट्रोल भरताना मी तो चिखल समजले होते. नखानं खरवडला. चिकट होता. वास घेतला. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांचा वास. फटी बुजवायला आपल्याकडे भरतात ती राळ.

आई केव्हा उतरली ते कळलं नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"ते मी भरलंय," ती म्हणाली. "आषाढात. भोक दिसलं. पाणी आत जाईल असं वाटलं. भरायला ते न्हवते."

 

"आये, ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं," मी म्हटलं. "जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. नाहीतर टाकी पेट्रोल सोडत नाही."

"म्हणजे भोक हवंच."

"हवंच."

तिनं अंबाड्यातला आकडा काढला, झाकण माझ्या हातातून घेतलं आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसून राळ कोरू लागली. रस्त्यावरून दोन बायका डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन गेल्या, थबकल्या, तिच्याकडे बघून पुढे गेल्या. तिनं मान खाली घातली नाही. शेवटी झाकण ओठांशी नेऊन भोकातून फुंकर मारली, पलीकडे तळहात धरून हवा येते का ते पाहिलं, आणि मग झाकण मला दिलं.

गाडी सुरू झाल्यावर ती मागे गेली नाही. पुढचं दार उघडून उभी राहिली. मामा मुकाट्यानं मागे गेला. "आपल्याला काय, पलंग मिळाला," एवढंच म्हणाला.

मिठागरं संपली. मी इंजिनाचा आवाज ऐकत होते. आईसुद्धा ऐकत होती. तारोडीपर्यंत गाडी कुठं थांबली नाही.

मामीनं आमच्या पायांवर पाणी घातलं. आई ताटावर बसली आणि वाढलेलं सगळं जेवली. हात धुवून आल्यावर तिनं मामीकडे एक नारळाची करवंटी मागितली.

"कशाला गं?" मामीनं विचारलं.

"पाऊस आला की झाकणावर उपडी बांधायला," आई म्हणाली. "भोक झाकलं पायजे. बुजवायचं न्हाय."