कोंबड्यांच्या बाजूने ऐकलेला रिसीव्हर

"दाऊदचाचा, कोंबड्या दचकणार नाहीत असा होम थिएटरचा रिसीव्हर आहे का तुमच्याकडे?"

विचारलं! नवापूरच्या भरल्या दुकानात, खणखणीत आवाजात. मागे माझ्या वर्गातल्या सीमा आणि अतिका एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. हाच प्रश्न, याच शब्दांत विचारला, तर आठवडाभर माझं दप्तर सीमा उचलणार. मागच्या वर्षीपर्यंत मी साधं पेन घ्यायलाही सीमाला पुढे ढकलायचे, म्हणून तिला खात्री होती की गायत्री काही विचारत नाही. आता उचल!

पण प्रश्न गमतीचा नव्हता. आमचं घर आणि आमचं कोंबड्यांचं शेड, यांच्यात एकच भिंत आहे. पप्पांनी वीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, त्यात त्यांचे कान मंदावले. मालिकेतली माणसं हळू बोलतात म्हणून ते आवाज वाढवतात आणि मग जाहिरात लागते ती धाडकन. होळीच्या आठवड्यात अशीच एक साबणाची जाहिरात लागली. नव्या तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, घाबरून एका कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या, आणि खालच्या अकरा गुदमरून मेल्या. आईने सगळ्या वायरी उपटल्या. "आते घरमा एक तर टीव्ही ऱ्हाई, नई तर मन्ह्या कोंबड्या!"

तेव्हापासून पप्पा बंद टीव्हीसमोर बसून शेंगा सोलतात. परवा मात्र ते एक नवा रिसीव्हर आणि स्टुलाएवढा वूफर पसंत करून आले. आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. शेवटी मला सांगितलं, तू फक्त बघून ये.

दाऊदचाचा हसले नाहीत. "मुर्ग्या किती आहेत, बेटा?"

"चारशे."

"मग नीटच बघावं लागेल."

त्यांनी आधी पप्पांच्या पसंतीचा रिसीव्हर लावला आणि मारामारीचा सिनेमा सुरू केला. दुकान थरथरलं. सगळे म्हणाले, व्वा!

"चाचा, यात जाहिरात कुठे आहे? मालिका लावा ना."

मग आम्ही सगळे जाहिरातीची वाट बघत बसलो. मिक्सर दुरुस्तीला आलेले एक काका म्हणाले, "एरवी मेली दर पाच मिनिटाला लागते." लागली एकदाची. कपाटातले बल्ब खुळखुळले. नापास!

चाचांनी मग एक छोटा रिसीव्हर जोडला. त्याच्या मेनूत आवाज एकसारखा ठेवायची सोय होती, तीन पायऱ्यांची. दुसऱ्या पायरीवर जाहिरातीचा पहिला शब्द उसळला, मग खाली बसला.

"बघ, बसला," चाचा म्हणाले.

मी नाही म्हणून मान हलवली. शेडचं दार उघडण्याआधी आम्ही दोनदा टकटक करतो, खाकरतो, मगच आत जातो. कोंबडी घाबरते ती पहिल्या क्षणाला. नंतर तुम्ही कितीही हळू चाला, काही उपयोग नाही. "चाचा, तिसरी पायरी लावा."

तिसऱ्या पायरीवर जाहिरात चप्पल दाराबाहेर काढून आल्यासारखी आली. सीमाने टाळ्या वाजवल्या. मीही "बांधून ठेवा" म्हणणारच होते, तेवढ्यात आठवलं. आमच्या कोंबड्या काही सोफ्यावर बसून टीव्ही बघत नाहीत. त्या भिंतीमागे असतात!

मी धावत दुकानामागच्या गल्लीत गेले आणि भिंतीला कान लावला. एक बकरी माझ्याकडे बघत उभी राहिली.

"गायत्री, लोक बघतायत गं!" अतिका खिडकीतून ओरडली.

"बघू दे!"

भिंतीतून शब्द एकही येत नव्हता. नुसतं धप्प, धप्प. हा वूफर! "चाचा, वूफर काढा!" मी ओरडले. काढला. मी पुन्हा कान लावून उभी राहिले. किती वेळ झाला, काहीच नाही.

"अतिका, जाहिरात कधी लागणार?"

"अगं, लागून गेली!"

आत आले तर मालिकेतली सासू नोकराच्या कानात काहीतरी कुजबुजत होती, आणि मला शब्द न् शब्द कळत होता. जो रिसीव्हर मोठ्या आवाजाला दाबत होता, तोच लहान आवाजाला वर उचलत होता. मी आवाज आणखी तीन घरं खाली आणला. तरी ऐकू येत होतं. मला पप्पांची आठवण आली.

"हिला दुकानात ठेवून घ्या, चाचा," मिक्सरवाले काका म्हणाले. सीमाने माझं दप्तर उचललं.

घरी आले तेव्हा आई अंड्यांचे ट्रे घेऊन शेडमधून येत होती. "काय वं, देखी उनी का?"

"वूफर देखा का?" पप्पा ओट्यावरूनच म्हणाले. "कसा वाजस!"

"दोघं बसा आधी," मी म्हणाले. आणि दोघं चक्क बसले! मग मी शाळेतल्या मराठीत, सभेत बोलतात तसं, सांगून टाकलं, "पप्पा, वूफर येणार नाही. छोटा रिसीव्हर येणार. त्यात कुजबुजसुद्धा तुम्हाला ऐकू येईल, मी ऐकून आलेय. आई, टीव्ही परत लागणार, पण स्पीकर रस्त्याकडच्या भिंतीला. रविवारी दाऊदचाचा स्वतः येऊन जोडणार आहेत. पहिली जाहिरात लागेल तेव्हा मी शेडमध्ये कोंबड्यांत उभी असेन. एक जरी दचकली, तरी तो डबा मीच परत नेऊन देईन. माझं ठरलंय."