फळीखालची खाट

मी भिंतीवरची घडीची फळी बोलतेय. खाली पाडली की टेबल, वर मिटून कडी लावली की भिंत. या एका खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती, म्हणून बाबांनी, म्हणजे सुनेच्या सासऱ्यांनी, स्वतः रंधा मारून मला इथे बसवलं; ते पेशानं सुतार. "सूनबाईला अभ्यासाला होईल," म्हणाले.

सून नर्स. इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास झाली की मोठ्या हॉस्पिटलात नोकरी, आणि नोकरीबरोबर राहायला दोन खोल्या. अख्खं घर त्या परीक्षेकडे डोळे लावून होतं.

इंग्रजीच्या क्लासच्या बाईंनी सांगितलेलं, शिकाल ते घरात वापरा. झालं! नवऱ्याला 'मूव्ह ओव्हर', म्हणजे जरा सरक. पाहुणे आले की 'स्क्वीझ इन', दाटीवाटीनं बसा. दूध संपत आलं की 'रन आऊट', आणि उरलेल्या घोटभर दुधात सगळ्यांचा चहा भागवायचा तो 'मेक डू'. बाबा भाजी निवडता निवडता एकेक शब्द तोंडात घोळवायचे. एवढे शब्द आहेत म्हणजे तिकडचे लोकही आपल्यासारखेच अडचणीत राहत असणार, असं त्यांचं मत. त्यांना त्याचं फार बरं वाटायचं.

मग बाबांचं एक अंग लुळं पडलं. खाट आली, आणि दुसरी भिंत मोकळी नसल्यानं माझ्याखालीच लागली. आता मला पाडलं तर मी त्यांच्या छातीवर येणार. सून ओट्याशी उभी राहून वाचायची, मध्येच त्यांची कूस बदलायची, पुन्हा वाचायची. नवऱ्याची रजा कधीच संपली होती. परीक्षेच्या दिवशी बाबांजवळ थांबायला कोणी मिळालं नाही. ती गेलीच नाही.

त्या दुपारी बाबा अडखळत म्हणाले, "सूनबाई, फळी पाड. मी मूव्ह ओव्हर करतो."

धडधाकट बाजूचं कोपर टेकून त्यांनी दात आवळून जोर लावला. बोटभरही सरकले नाहीत.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "आता नाही लागत फळी."

पुस्तक तिनं माझ्यामागच्या फटीत खोचलं. ते अजून तिथंच आहे. माझ्या बिजागऱ्या गंजल्यात, त्याचं मला काही नाही. पण बाबा दिवसभर उताणे पडून माझ्याकडेच बघतात. कोणीतरी मला इथून उखडून न्या हो. ज्यांनी मला बसवलं, त्यांचा रंध्याचा हात आता उठत नाही.