कॅमेऱ्यात पाळलेला झेब्रा

फोटो स्टुडिओतले मास्तर हात धुवायला आत गेले, तशी मास्तरीणबाईंनी पटकन त्यांचा कॅमेरा डोळ्याला लावला आणि तितक्याच पटकन खाली घेतला. व्ह्यूफाइंडरमध्ये नुसता झगझगाट. आतला उजेड पार शेवटच्या खुणेपर्यंत वाढवलेला, चष्म्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचं बारकं चाक टोकाला जाऊन अडकलेलं, आणि समोरच्या पांढऱ्या पडद्यावर काळे तिरके पट्टे सरपटत होते.

हे पट्टे म्हणजे झेब्रा. फोटो जिथे पांढराफटक पडणार, तिथे कॅमेरा आधीच पट्टे दाखवून सावध करतो. सोय फार चांगली, पण मास्तरांपुढे तिचं नाव काढायची सोय नव्हती. लोक त्यांना मास्तर म्हणायचे ते काही उगाच नाही. चेहऱ्यावर एक नजर टाकून उजेडाचं माप सांगणारा माणूस तो. "पट्टे बघून फोटो काढायचे, तर देवाने डोळे काय गॉगल लावायला दिलेत?" असं आल्यागेल्याला सुनवायचे. आणि आता स्वतःच गुपचूप झेब्रा पाळून बसले होते.

कुठेतरी पाणी मुरतंय हे बाईंना कळत होतंच. चहा कपाऐवजी बशीत ओतला जायचा. परवा तर दाराची चौकट वाकडी बसवली म्हणून मास्तरांनी सुताराच्या नावाने खडे फोडले होते, आणि चौकट अगदी सरळ होती. पण फोटो एकही बिघडला नव्हता, आणि बाई फसल्या त्या तिथेच. उजेड पट्ट्यांवरून कळत होता, फोकससाठी माणसाचा डोळा कॅमेरा आपला आपण शोधत होता. मास्तरांनी फक्त बटण दाबायचं.

"अहो, डोळे दाखवून येऊ या का?" मास्तर बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीये? दुपारी गिऱ्हाईक आहे, ते बघ."

पुसलेलं काउंटर बाईंनी पुन्हा पुसलं, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. शेवटी जिन्यात जाऊन नणंदेला फोन लावला. ती डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, मधली नजर जात असेल. कडेचं दिसतं, समोरचा चेहरा पुसला जातो. दादाला आजच घेऊन ये. वेळेत इंजेक्शन दिलं तर उरलेली नजर वाचते. गेलेली मात्र परत येईलच असं नाही."

"ते ऐकतील तर ना."

"मग काहीही कर, पण आण."

काहीही म्हणजे काय करायचं? कोणी चला म्हटलं म्हणून मुकाट उठून दवाखान्याला निघणारा हा माणूस नव्हता. त्यात दुपारी फोन आला. फोटोला यायच्या होत्या त्या वकीलबाई आज येणार नव्हत्या. तेच सांगायला बाई स्टुडिओच्या खोलीत शिरल्या. मास्तर दिवे लावून कॅमेऱ्यामागे तयारच उभे होते.

"या ताई, या. बसा त्या स्टुलावर."

बाईंनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. त्यांचे पाय आपोआप स्टुलाकडे वळले. त्या बसल्या.

मास्तरांनी कॅमेऱ्याला डोळा लावला. "कपाळावर उजेड जरा जास्त होतोय," ते म्हणाले आणि दिवा मागे सरकवला. अगदी बरोबर सरकवला. "हनुवटी थोडी खाली. छान. घाबरू नका हो ताई, आमची बायकोसुद्धा पहिल्या फोटोला अशीच कावरीबावरी बसली होती."

बाईंचं रडू फुटायच्या बेतात होतं. ओठ दाबून त्या मास्तरांकडे बघत राहिल्या. संसार केला, भांडणं केली, दोन मुलं वाढवली, आणि आज दिव्यांच्या लख्ख उजेडात या माणसाला त्या दिसत नव्हत्या.

"तुमची वकिली कॉलर वाकडी झालीये बहुतेक. थांबा, तिलाच बोलावतो." मास्तरांनी दाराकडे मान वळवून हाक मारली, "अगं ए, जरा आत ये."

"आलेय," समोरच्या स्टुलावरून बाई म्हणाल्या.

मास्तरांची मान हळूहळू दारावरून स्टुलाकडे वळली. कॅमेरा छातीशी धरून ते तसेच उभे राहिले. बाई उठल्या, त्यांच्या हातातून कॅमेरा काढून घेतला आणि दिवे बंद केले.

"दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो?" मास्तरांनी विचारलं.