दाराबाहेरच्या खिळ्यावरचा पट्टा

"सुई आधी मेणातून काढजो, मंग दोरा. अन् घाई नोको करू वं, चामडं काही पळून नाही जात."

टीनाच्या बाबांचं हे बोलणं मला अजून ऐकू येतं, आणि तेही दाराच्या पलीकडून. ते बाहेर सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसून शिवायचे, मी आत चुलीपुढे नाही तर देवापुढे असायची, आणि मधलं दार अर्धं लोटलेलं असायचं. काम करताना तोंडानं सांगत राहायची त्यांची सवय होती. वरठीच्या कारखान्यात नव्यानं लागलेल्यांना ते असंच शिकवायचे म्हणे. मी म्हणायची, मला कायले सांगता, माझं तर व्रत आहे. ते म्हणायचे, हात नोको लावू, आयकून तं ठेव.

व्रत टीनासाठी होतं. आमची एकुलती एक लेक वायुसेनेच्या भरतीला बसली, तेव्हा मी मारुतीपुढे बोलले होते की हिचं निघालं तर हिची ट्रेनिंगची शेवटची परेड होईपर्यंत मी चामड्याला शिवणार नाही आणि चामडं घरात येऊ देणार नाही. सोमवार, एकादशी, सकाळचा जप हे माझे नेम लग्नाआधीपासूनचे. ते अंगवळणी पडलेले. हे मात्र बोलून मागितलेलं, म्हणून त्याची भीती वेगळी. टीनाचं निघालं. ती बेळगावला ट्रेनिंगला गेली आणि माझ्या पायात रबरी चप्पल आली.

नेमकं त्याच हिवाळ्यात टीनाच्या बाबांनी चामडं हातात घेतलं. नागपूरला विमानांच्या कसरती पाहायला गेले होते. तिथं एका म्हाताऱ्या वैमानिकाच्या मनगटावर त्यांना घड्याळाचा पट्टा दिसला. जाड, तपकिरी, आणि घड्याळाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन टपोऱ्या पितळी रिबिटा ठोकलेल्या. यांनी ओळख नसताना विचारलं. त्या माणसानं सांगितलं म्हणे, की जुन्या काळी विमानात वर फार थंडी असायची, जाड कोटाच्या बाहीवरून घड्याळ बांधावं लागायचं, आणि तिथं पट्टा तुटला तर घड्याळही गेलं आणि वेळही गेली. म्हणून त्याची बांधणी अशी बळकट. घरी पोचेपर्यंत यांचं ठरलं होतं. फोनवर टीनाला सांगूनही टाकलं. "परेड झाली का तुह्या हातात पट्टा राहीन. बाजारचा नाही, घरी शिवलेला. हा शब्द हाय माहा."

मी आठवण दिली की चामडं उंबऱ्याच्या आत येणार नाही. ते हसले.

"मारुतीले तू बोलली, मी थोडीच बोललो," म्हणाले. "पण घर तं दोघांचं हाय."

आणि सपरीत पोतं टाकून बसले. दाराच्या बाहेरच्या अंगाला त्यांनी एक खिळा ठोकला. काम झालं की पट्टा खिळ्यावर टांगायचा, हात साबणानं धुवायचे, मग आत यायचं. पुसाच्या थंडीतही त्यात खंड पडला नाही. कानाला दुपट्टा गुंडाळून, बांबूच्या दोन कामट्यांचा चिमटा गुडघ्यांत धरून ते बसलेले असायचे. एका दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया. एक इकडून, एक तिकडून, दोन्ही एकाच भोकातून. मी हे काही पाहिलेलं नाही. भाकरी थापता थापता ऐकलेलं आहे.

शेजारची धुरपता माझ्याहून मोठी, तोंडानं फटकळ. जाता-येता टोमणा मारायची, काय खुशालभाऊ, बायकोनं घराबाहेर काढलं काय. हे म्हणायचे, काढलं नाही, मीच पहाऱ्यावर बसलो.

माघात एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. भंडाऱ्याला नेलं, पण चालतं-बोलतं माणूस परत आलं नाही. टीनाला सुट्टी मिळाली तेवढी तेरवीला पुरली. ती परत गेली, कारण जायलाच पाहिजे होतं, आणि यांनाही तेच आवडलं असतं. दीर-जावा आपापल्या धानाच्या बांध्यांकडे वळले. मी राहिले.

तांदळाचा अंदाज मला अजून जमत नाही. दोघांचा भात होतो, उरलेला सकाळी धुरपताच्या कोंबड्या खातात.

पट्टा खिळ्यावरच होता. त्याचा आखूड तुकडा पुरा झालेला, बक्कल बसवलेला. लांब तुकडा अर्धाच शिवलेला, आणि दोऱ्याला दोन्ही सुया तशाच लोंबत. झाडताना मी त्याच्या खालून झाडू काढायची, अंग चोरून. वारा आला की सुया दाराच्या फळीवर वाजायच्या. रिकाम्या घरात तेवढाही आवाज पुरतो. मी आतून "हो, आली" म्हणून जायची, आणि मग आठवायचं.

वैशाखात टीनाचा फोन आला. परेडची तारीख ठरली होती. पुतण्या चंद्रकुमार मला घेऊन जाणार होता, तिकिटंही त्यानं काढली होती. टीना इकडचं तिकडचं बोलली. जेवण कसं, ऊन कसं, तू एकटी झोपतेस का धुरपताकाकू येते. बाबांचं नाव दोघींनीही काढलं नाही. शेवटी तीच म्हणाली,

"आई, तो पट्टा राहू दे बरं. तुझं व्रत हाय. मी काही मागून नाही राहिली."

मी बरं म्हटलं. तिनं फोन ठेवला नाही. तिच्या मागं कुणी तरी मुली हसत होत्या, ते ऐकू येत होतं.

"बाबानं रिबिटा बसवल्या होत्या ना?"

"चारही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि मग ठेवला.

त्या दिवशी माझं जपात लक्ष लागलं नाही. माळ हातात, आणि कान दाराकडे.

मी धुरपताला सांगितलं. ती म्हणाली, आण इकडं, मीच मारून देतो टाके, पोतं शिवल्यासारखे. मग माझं तोंड पाहून म्हणाली, चाल, मोच्याकडं नेऊ. बाजाराच्या दिवशी तिनं पट्टा पिशवीत घातला आणि आम्ही आंधळगावच्या बाजारात गेलो, पिशवी तिच्या हातात, मी तिच्यापासून जरा लांब. मोची भला माणूस होता. त्यानं पट्टा उलटापालटा करून पाहिला, टाक्यांवरून अंगठा फिरवला, कोणी शिवला विचारलं. मग म्हणाला की आता डोळे साथ देत नाहीत, हाताचं काम तो घेत नाही. पण झालेले टाके उसवून सगळाच मशीनवर मारून देईन, एकसारखा दिसेल.

मशीनचा एक टाका तुटला की पुढचे सुटत जातात, हाताचा तुटला तर शेजारचा धरून ठेवतो, हे मी दाराआडून कितीदा ऐकलं होतं. पण ते तेव्हा मनात आलं नाही. मी "उसवून" या शब्दापाशीच थांबले होते. मी नको म्हटलं आणि आम्ही परत निघालो.

वाटेत धुरपता चिडलेली. "मंग तूच शिव. नाही तं राहू दे खिळ्यावर अन् रोज त्याले हळदकुंकू वाह्य." थोडं चालल्यावर आवाज खाली आणून म्हणाली, "मारुती काय तुह्या पोरीवर डूख धरून बसला हाय काय, बाई?"

मला मात्र तीच भीती होती. तिला ते हसण्यासारखं वाटलं असतं. इतके महिने नेम अखंड होता आणि पोरगी तिकडे सुखरूप होती. तिच्या बाबांसाठी मी वेगळं काही बोलले नव्हते. त्यांना काही होईल असं मनातच आलं नव्हतं.

घरी आल्यावर धुरपतानं पट्टा परत खिळ्यावर टांगला आणि ती गेली. तिन्हीसांजेला मी देवापाशी दिवा लावला आणि बाहेर आले. ते पोतं अजून सपरीच्या कोपऱ्यात घडी घालून होतं. मी ते पसरलं आणि त्यांच्या जागेवर बसले. कधीच बसले नव्हते. मागची भिंत त्यांच्या पाठीनं घासून गुळगुळीत झालेली होती. बाजूला मोहळाच्या मेणाचा गोळा, त्यावर दोऱ्याच्या चरी. करवंटीत साबणाची वडी, सुकून तडकलेली. या कोपऱ्यात वारा सरळ येतो. पलीकडच्या कोपऱ्यात भिंतीचा आडोसा आहे, तिथं एवढी थंडी लागली नसती. हे इथं काहून बसत असतील, मला कळेना.

मग मी दाराकडे पाहिलं. ते अर्धंच लोटलेलं होतं. मला वाटायचं, आवाज आत जावा म्हणून ते तसं ठेवतात. तिथून आतलं बाकी घर काहीच दिसत नव्हतं. फक्त देवघर दिसत होतं, दिव्याची वात, आणि तिच्यापुढे मी बसते तो पाट.

दिव्यातलं तेल उतरलं तशी मी उठले.

दुसरा दिवस सोमवार नव्हता की एकादशी नव्हती. आंघोळ झाली, तुळशीला पाणी झालं, जप झाला. मग मी मारुतीपुढे हात जोडले आणि हळूच, पण तोंडानं सांगितलं. मनातल्या मनात सांगणं बरं दिसलं नसतं.

"परेड अजून झाली नाही, अन् मी आजच हात लावून राहिले. घ्यायचं असलं तं माह्यातलं घे. पोरीकडं नोको पाहू."

उत्तराची वाट पाहिली नाही. उठले, बाहेर आले, दार त्यांच्याएवढंच लोटलं. ते काम झाल्यावर हात धुवायचे. मी आधी धुतले, त्यांच्याच साबणानं, आणि पदराला पुसले. पोत्यावर बसले. खिळा हाताशीच होता.

चामडं गार लागेल असं मला वाटलं होतं. सकाळच्या उन्हानं ते कोमट झालं होतं. बांबूचा चिमटा गुडघ्यांत धरला, त्यात पट्टा बसवला. पुढची भोकं त्यांनी शेवटपर्यंत पाडून ठेवली होती.

धुरपता आपल्या अंगणात झाडत होती. तिनं पाहिलं, झाडू थांबवला, आणि आत गेली.

मी मेणाचा गोळा उचलला. सुई आधी त्यातून काढली, मग दोरा.