चार हजार वॉटचा नाद

मांजरी गावच्या माळावरचा मांडव गच्च भरला होता. बहिऱ्या मुलांना नादाने बरे करणारे महाराज आले होते. पुढ्यात दोन ॲम्प्लिफायर. महाराजांनी आधी धाकटा लावला, चाळीस वॉटचा. त्याला जोडलेल्या लाकडी खोक्यातल्या स्पीकरमधून भजन कसंबसं ऐकू आलं. मुलं ढिम्म.

"आता हा चार हजार वॉटचा. शंभरपट शक्ती, शंभरपट आवाज. कर्माने मिटलेलं कानाचं दार आता उघडेल."

बटण फिरलं, त्याला जोडलेला मोठा भोंगा गरजला आणि मुलं दचकली. मांडवात जयजयकार झाला. प्रेमलाची सहा वर्षांची शकूही दचकली होती. प्रेमलाच्या डोळ्यांना धार लागली.

"कानातलं यंत्र काढा, माई. ते शक्ती अडवतं," महाराजांनी बजावलं. प्रेमलाने शकूचं श्रवणयंत्र फडताळात ठेवून दिलं.

चार बैठका झाल्या. पाचव्या दिवशी शकू कान धरून रडू लागली. प्रेमलाने घाईघाईने यंत्र लावलं, हाका मारल्या. पूर्वी यंत्र लावलं की हाकेसरशी शकूची मान वळायची. आता वळेना.

पोरीला कडेवर घेऊन ती शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या वासंतीबाईंकडे धावली. "बाई, माझ्याच हातानं पोरीचं वाटोळं केलं."

बाई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. थोडंफार ऐकू येत होतं, तेही या दणक्यांनी गेलं. किती परत येईल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. येताना बाईंनी प्रेमलाला शाळेच्या ॲम्प्लिफायरच्या तारा कशा काढायच्या-जोडायच्या ते दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दोघी मांडवात शिरल्या.

"महाराज, धाकटं यंत्र भोंग्याला जोडून दाखवता का?" बाईंनी विचारलं.

"शक्तीचा अपमान होईल."

"होऊ द्या. आम्ही माफी मागू तिची."

चेले बाईंना अडवायला धावले, तेवढ्यात प्रेमला टेबलामागे पोचली. तिने दोन्ही यंत्रांच्या तारांची अदलाबदल केली. चाळीस वॉटवर भोंगा तसाच गरजला. चार हजारवालं यंत्र खोक्यातून धाकट्यासारखंच पुटपुटलं.

"वॉटचा आकडा म्हणजे यंत्र जास्तीत जास्त किती शक्ती देऊ शकेल, एवढंच," बाई म्हणाल्या. "आवाज किती मोठा, ते भोंगा ठरवतो आणि बटण किती फिरवलं ते. खरोखर शंभरपट शक्ती दिली, तरी कानाला आवाज जेमतेम चौपट वाटतो. शिवाय आकडा काय, रंगारीही लिहून देतो."

"मग आमची पोरं दचकली ती?" नातवाला घेऊन बसलेल्या गेनबांनी विचारलं.

"छातीवर हात ठेवा. दणका अंगाला जाणवतो. त्याला कान लागत नाहीत."

महाराज जीपकडे सरकले. त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही. प्रेमला बोलायला उभी राहिली होती.

"माझ्या शकूला थोडं ऐकू येत हुतं. ते मी घालवलं. मी इचारलं न्हाई. तुमच्या पोरांचं अजून शिल्लक आसंल. हात जोडते, इचारत जा. आन् आत्ताच्या आत्ता डाक्टरकडं चला."

गेनबांनी नातवाला उचललं आणि ते मांडवाबाहेर पडले. त्यांच्यामागून एकेक आई उठली.