बोनेट मी लावलं

सीटबेल्ट खाली जिथे बोल्टला अडकतो, तिथे एक पांढरी पट्टी शिवलेली असते. तिच्यावर वर्ष छापलेलं असतं.

मोरपंखी की आमसुली? चारुशीलाबाईंना दोन्ही आवडले होते.

अंजनगाव सुर्जी ते अमरावती, दर शनिवारी, वलगावमार्गे.

एक लाल माणूस बसलेला आहे. त्याच्या छातीपुढे लाल गोळा. सगळं मिळून ज्वारीच्या दाण्याएवढं.

“पूर्ण नाव काय बेटा तुझं?”

इंजिन गार पाहिजे. आपण पोचायच्या आधी मालकाने गाडी सुरू करून ठेवली असेल, तर काहीतरी लपवायचं आहे. बोनेटवर तळहात ठेवून पाहा. हे मी सव्वीस वर्षं शिकवलं.

बोनेट गार होतं.

*

मी गोपाळकृष्ण. अमरावतीला आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा निदेशक होतो. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. तेव्हापासून जुनी गाडी घ्यायची असली की लोक मला सोबत नेतात. मी पैसे घेत नाही, चहा घेतो.

माझी एक पद्धत आहे. गाडी चांगली आहे, असं मी कधीच म्हणत नाही. दोष दिसला की मालकाच्या तोंडावर सांगतो, मग तो मालक कोणीही असो. दोष नसला तर गप्प राहतो, बोनेट लावतो आणि हात पुसतो. बस. शहरातल्या दलालांनाही हे माहीत आहे. “सरनं बोनेट लावलं,” असं एकमेकांना सांगतात आणि कागद काढतात.

म्हणजे माझं गप्प बसणं हीच माझी सही. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी कोणालाही म्हणू शकत नाही.

*

“सर, मिळाली.”

“काय मिळाली?”

“तेच जी. निळी. टर्बो. अकोल्याले हाय. एकच मालक, अठ्ठावीस हजार किलोमीटर.”

प्रीतम माझा विद्यार्थी. बाकीची पोरं वर्कशॉपमध्ये जीपचा गिअरबॉक्स खोलायची तेव्हा हा जर्नलच्या मागच्या पानावर ही एकच गाडी काढायचा. दिसायला साधी छोटी गाडी, पण पायाखाली अशी ताकद की ॲक्सिलरेटर दाबला की पाठ सीटला चिकटते. नवी घेणं त्याला कधी जमणार नव्हतं. आता तो वीज कंपनीत तंत्रज्ञ आहे, नेमणूक अंजनगाव सुर्जीला. वडील, देवमन तायडे, गेले. आई मैनाबाई अमरावतीत एकटी, म्हणून तो दर शनिवारी घरी येतो.

त्याने जाहिरात पाठवली. फोटोत गाडीला टेकून उभा होता स्वानंद.

स्वानंदशी माझ्या मुलीचं, देवश्रीचं, लग्न ठरलेलं होतं. बारा दिवसांनी साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. हॉल ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या.

तेव्हाच म्हणायला हवं होतं: प्रीतम, ही गाडी मला तपासता येणार नाही, दुसऱ्या कोणाला ने. दोन वाक्यं. मी म्हणालो, “अरे, हे तर आपले जावई!”

“मंग त टेन्शनच नाही, सर. घरचीच गाडी झाली.”

*

चारही टायर एका कंपनीचे, एका आठवड्यात बनलेले? हो.

टर्बोच्या पाइपाला तेल सुटलेलं? नाही.

गार इंजिन सुरू केल्यावर निळा धूर? नाही. असल्या गाडीत पोरं इंजिनाचा संगणक बदलून घेतात, सायलेन्सर बदलतात, मग विकताना परत मूळचा लावतात. सायलेन्सरचे नट पाहा, पाना लागल्याच्या खुणा दिसतात. इथे नव्हत्या.

क्लच, ब्रेक, गिअर: ठीक.

प्रीतम माझ्यामागे एक पाऊल ठेवून फिरत होता. हात पाठीमागे बांधलेले, वर्कशॉपमध्ये उभा राहायचा तसा.

“इवाई, किती पाहता!” स्वानंदचे वडील भगवंतराव ओट्यावरून म्हणाले. ते वकील. कोर्टातून येऊन नुकतेच बसले होते. “पोरगी देतानाही एवढं नाही पाह्यलं तुमी!”

सगळे हसले. मीही हसलो.

“हे आमचे विद्यार्थी,” मी प्रीतमकडे बोट करून म्हणालो.

“पूर्ण नाव काय बेटा तुझं?”

“प्रीतम देवमन तायडे.”

“बरं, बरं.” भगवंतरावांनी चष्मा काढून पुसला. “बसा ना. पाणी घ्या.”

*

पुढच्या चाकांवरच्या पत्र्याचे बोल्ट. डावीकडच्या दोन बोल्टांचा रंग खरवडलेला, म्हणजे पत्रा कधीतरी उतरवला होता.

सीटबेल्टची पट्टी. गाडीपेक्षा दोन वर्षांनी नवी, म्हणजे बेल्ट बदललेला.

मी उजव्या सीटवर बसलो आणि चाबी अर्धी फिरवली. इंजिन सुरू करायचं नाही, फक्त दिवे पाहायचे. बॅटरी, तेल, ब्रेक, इंजिन, सगळे लागले. बसलेल्या लाल माणसाचा दिवा लागला नाही. तो एअरबॅगचा. तो लागावा लागतो, आणि थोड्या सेकंदांनी विझावा लागतो. विझला नाही तर काहीतरी बिघडलंय. लागलाच नाही, तर कोणीतरी तो बंद केलाय.

डाव्या सीटसमोरच्या आवरणावर बोट फिरवलं. शेजारच्या प्लास्टिकवर बारीक दाणा होता. या आवरणावर नव्हता. एअरबॅग फुटून गेली होती आणि तिच्या जागी नुसतं झाकण बसवलं होतं. स्टेअरिंगचंही तसंच असणार.

स्वानंद खिडकीशी वाकला. “काका, एकदा लहानसं लागलं होतं बंपरले. बाकी काही नाही.”

लहानशा लागण्याने एअरबॅग उघडत नाही. आणि मालक पहिलाच, म्हणजे बाकी सगळं त्याला ठाऊक होतं. ती गाडी तोच चालवत होता.

याच क्षणी स्वानंदची आई, चारुशीलाबाई, पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रे चौरंगावर ठेवून त्यांनी मोबाईलवर दोन शालूंचे फोटो माझ्यासमोर धरले. “भाऊजी, देवश्रीले विचारा ना, साक्षगंधाले मोरपंखी घेऊ की आमसुली? मले त दोन्ही आवडले.”

देवश्री तेहतीस वर्षांची. याआधी दोन ठिकाणी ठरून मोडलं होतं. एकदा आमच्याकडून, एकदा त्यांच्याकडून. दुसऱ्या वेळी ती आठ दिवस स्वयंपाकघरातच जेवली, ओट्याशी उभी राहून.

मी म्हणालो, “मोरपंखी.”

मग गाडीतून उतरलो आणि बोनेट लावलं.

प्रीतमकडे पाहिलं नाही. हात पुसले. हातांना काही लागलेलं नव्हतं.

*

परत येताना गाडी प्रीतमने चालवली. मी डाव्या सीटवर.

“सर, पाहा, आता पाहा.” मूर्तिजापूरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला तसा त्याने पाय दाबला. माझी पाठ सीटला चिकटली. तो मोठ्याने हसला. वर्गात कधी तसा हसला नव्हता.

माझ्या गुडघ्यांसमोर ते आवरण होतं. त्याच्या मागे काही नव्हतं. अकोला ते अमरावती मी त्याच्यासमोर बसून आलो. बेल्ट दोनदा ओढून पाहिला.

बडनेऱ्याला सांगू, असं ठरवलं. बडनेरा आलं. प्रीतम म्हणाला, “मायले आधी फिरवून आणतो, मंग घरी नेतो.” घरी पोचल्यावर सांगू.

घरी देवश्रीने दार उघडलं. “कशी आहे गाडी?”

“ठीक.”

*

मी प्रीतमला पाठवलेले मेसेज:

हळू चालव.

बेल्ट लावतोस ना?

वलगावच्या अलीकडे रस्ता खचला आहे, जपून.

मैनाबाईंना मागे बसव. पुढे ऊन लागतं.

शेवटच्याला त्याने हसण्याचं चित्र पाठवलं. “सर, एसी हाय गाडीत. माय पुढंच बसते, तिले रस्ता पाहाले आवडते.”

*

साक्षगंध झालं. प्रीतम आईला घेऊन आला. निळी गाडी हॉलसमोर लावली, तेव्हा स्वानंदने जाऊन छतावर थाप मारली. “काय भाऊ, कशी पळते?”

“मस्त जी.”

मैनाबाईंनी देवश्रीच्या हातात स्टीलचा डबा दिला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सर, तुमी होते म्हणून. नाहीतर या पोट्ट्याले कोणीबी फसवलं असतं.”

मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. काहीतरी म्हणालो असेन. जेवायला बसा, असं काहीतरी.

मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो की हे देवश्रीसाठी केलं. तेही खरं आहे. पण एक प्रश्न मी बाजूला सारत होतो. प्रीतमच्या जागी माझा भाचा असता तर? भगवंतरावांनी ज्याला पूर्ण नाव विचारलं नसतं, असा कोणी? तर मी गाडीतून उतरून काय केलं असतं?

*

दोन महिन्यांनी, रविवारी सकाळी, प्रीतम घरी आला. मैनाबाईंना आणि दोन भाच्यांना घेऊन शेंदूरजनाघाटला निघणार होता, मामाच्या बागेत संत्री तोडायला. जायच्या आधी मला टायरची हवा विचारायला आला होता. चार माणसं असली तर किती ठेवायची, म्हणाला.

“पुढे कोण बसणार?”

“लहानी. हट्ट करून राहिली कालपासून.”

“किती वर्षांची?”

“सात.”

मी म्हणालो, “प्रीतम, त्या गाडीत एअरबॅग नाहीत. अकोल्यालाच मी पाहिलं होतं.”

देवश्री आत कणीक मळत होती. तिचा हात थांबलेला मला बाहेरून कळला.

प्रीतम चपला काढून खुर्चीत बसला होता.

“दिवा लागला नव्हता,” तो म्हणाला.

“हो.”

“मलेही दिसलं होतं, सर.”

मी वर पाहिलं.

“तुमी चाबी फिरवली तवा मी मागंच उभा होतो. बाकी सगळे लागले, तो नाही लागला. मी आता बोलणार होतो. मंग तुमी उतरले अन् बोनेट लावलं. मले वाटलं, ह्या मॉडेलमंधी तसंच असन. मीच चुकलो असन.” तो थांबला. “तुमीच शिकवलं होतं ना सर, दिव्याचं. दुसऱ्याच आठवड्यात.”

“हो.”

“मी रोज पाहतो चाबी फिरवली की. दोन महिने झाले. रोज वाटते, आज लागन.”

त्याने आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. तो हळूच बोलत होता, जणू मीच आजारी आहे.

“काहून, सर?”

मी आतल्या दाराकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. आणि त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याला कळलं. मग मीच मान खाली घातली.

*

फोन मी स्वानंदला लावला, सगळ्यांसमोर, स्पीकरवर. निदान एवढं तरी.

“स्वानंद, गाडीतल्या एअरबॅग फुटलेल्या आहेत. पैसे परत करून गाडी घेऊन जा.”

पलीकडे थोडा वेळ टीव्हीचा आवाज आला. मग बंद झाला.

“काका, तुमी तर सगळं पाह्यलं होतं ना?”

“पाहिलं होतं.”

“मी खिडकीपाशीच होतो. तुमी त्या कव्हरावर बोट फिरवलं, ते पाह्यलं मी. तुमी काही बोलले नाही. मले वाटलं, तुमाले चालते.” त्याचा आवाज चिडका नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. “बोनेट त तुमीच लावलं. आता साक्षगंध झाल्यावर काहून काढून राहिले?”

देवश्री बाहेर आली होती. हात कणकेचे. तिने बोटाच्या मागच्या बाजूने फोन स्वतःकडे सरकवला.

“कधी झालं होतं?”

“देवश्री? अगं... मागच्या दिवाळीत. पातूरच्या घाटात.”

“तुला लागलं होतं?”

“हाताला थोडं.”

“हाताला. तू मला म्हणालास, क्रिकेट खेळताना.”

तिने फोन बंद केला. स्क्रीनवर कणीक लागली.

“बाबा, तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?”

“हो.”

“म्हणजे माझ्याही आधी.” ती आत गेली. थोड्या वेळाने कणीक मळण्याचा आवाज परत सुरू झाला. आधीपेक्षा सावकाश.

प्रीतमने चाबी खिशातून काढून टीपॉयवर ठेवली.

“राहू द्या इथंच गाडी. ते नेतील नाहीतर तुमी पाहा काय करायचं ते.”

“आणि शेंदूरजनाघाट?”

“एसटीनं जातो.” त्याने चपला घातल्या. दारात थांबला. माझ्या पाया पडायची त्याची सवय होती, येताना आणि जाताना. येताना तो पडला होता. “येतो सर,” म्हणाला, आणि गेला.

गेटपाशी निळी गाडी उभी होती. तो तिच्या बाजूने गेला, तिला हात न लावता. कोपऱ्यावर वळताना फोन कानाला लावलेला दिसला. मैनाबाईंना सांगत असेल. काय सांगत असेल, ते मला ऐकू आलं नाही.

*

अकोल्याला जायच्या आधी प्रीतमने दोन जुन्या गाड्या एकट्याने पाहिल्या होत्या, एक परतवाड्याला, एक दर्यापूरला. दोन्ही त्याने स्वतः तपासून नाकारल्या होत्या. तिसऱ्या वेळी सोबत मी होतो.