यशश्रीला काय आवडलं

इंदिरानगरात दिवाकर सरांच्या क्लासला आठवीची मुलं अमेरिकन साहित्य शिकत, कारण एका नामांकित शाळेत नववीच्या प्रवेशाची मुलाखत त्यावर होई. गोष्ट ठरलेली होती. हिमवादळात अडकलेली एक म्हातारी ऊब मिळावी म्हणून घरातला पियानो जाळते. ‘तुला काय आवडलं?’ हा प्रश्नही ठरलेला होता आणि ‘मानवी जिद्द’ हे उत्तर सर सगळ्यांना लिहून देत.

यशश्रीने मात्र गोष्ट वाचली. मुलाखतीत ती म्हणाली, वादळ थांबल्यावर म्हातारी पियानोच्या रिकाम्या जागेकडे बघत बसते, ते आवडलं. तिला प्रवेश मिळाला नाही. बाकी सगळ्यांना मिळाला.

सर शाळेत गेले. मुलाखत घेणाऱ्या निकिता मॅडम त्यांच्याच क्लासच्या जुन्या विद्यार्थिनी निघाल्या. त्यांनी आधी वाकून नमस्कार केला.

“सर, मुलगी छान बोलली. पण जिद्द आलीच नाही हो. आम्हाला तुम्हीच तर लिहून दिलं होतं.”

“तिचंही उत्तर बरोबर आहे, निकिता.”

“असेल ना, सर. पण मग मार्क कशावर द्यायचे? तुमच्या शब्दाखातर उद्या परत बोलावते तिला.”

संध्याकाळी यशश्री वडिलांना घेऊन क्लासवर आली. तिने पेनाचं टोपण काढलं.

“सर, मला काय आवडलंय?”

“नीट लिहून घे गं,” वडील म्हणाले.

सरांनी सावकाश, स्वल्पविरामांसकट सांगितलं.